अर्धेलीचं वासरू

दर्शनाच्या नवऱ्याच्या पोटात भाकरीखेरीज काही टिकत नसे. कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कुणाचा मुंबईचा भाऊ घर बांधायला काढतोय, वाडीच्या पुढाऱ्यानं, रावजीनं, कुणाला काय शिव्या दिल्या, सगळं सकाळी कानावर पडलं की दुपारपर्यंत अख्ख्या वरच्या वाडीत. आता असल्या माणसाला शाहीर करणं हा देवाचाच खोडसाळपणा म्हणायचा. पण केला होता खरा. काशीराम वरच्या वाडीच्या तुरेवाल्यांचा शाहीर होता. गळा असा, की ढोलकीवाला हात थांबवून ऐकत बसायचा आणि मग सगळ्यांचा ताल चुकायचा.

पोलादपूरच्या आसपासच्या वाड्यांतून शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. एकानं पुराणातला अवघड सवाल गाण्यात घालायचा, दुसऱ्यानं तो उभ्या उभ्या गाण्यातच सोडवायचा. नाही सुटला तर मान खाली. म्हणजे सवाल आधी फुटला की मेलंच सगळं. आणि काशीरामचा सवाल तीन वर्षं लागोपाठ फुटत होता. हनुमान जयंतीला हा मांडवात तोंड उघडायचा अवकाश, समोरचा शाहीर जावयाची वाट बघत बसलेल्या सासऱ्यासारखा जबाब घेऊन तयार.

समोरचा शाहीर कोण? खालच्या वाडीचा येसाजी. आणि येसाजी कोण? दर्शनाचा थोरला भाऊ. झालं ना मग! वाडीला दुसरा विचार करायची गरजच काय? शाहिराची बायको शक्तीवाल्यांच्या घरची. नदी ओलांडली की माहेर. गाणं कोण पोचवतं, ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

दर्शनाला हे कळायला जरा उशीरच झाला. कळलं ते गोठ्यात. काशीराम गव्हाणीशी उकिडवा बसून काहीतरी गुणगुणत होता. ही शेणाची पाटी घेऊन आत आली तसा गप्प झाला.

"का वो, थांबलात का?"

"काय नाय. उगा आपलं."

"नवीन हाय ना? म्हणा की."

काशीरामनं तिच्याकडं न बघता कालवडीच्या पाठीवरची गोमाशी हाकलली. "यंदा गाणं घरात म्हणायचं नाय असं ठरवलंय. रावजी म्हणाला, यंदा हरलास तर तुरा उतरव नि दुसऱ्याला दे. आणि तुझ्या माहेरची वाट काय लांब नाय गो."

दर्शनाच्या हातातली पाटी हातातच राहिली. इतकी वर्षं या घरात खस्ता काढल्या, याच्या आईचं शेवटचं आजारपण काढलं, आणि हा म्हणतो माहेरची वाट! भांडायला ती काही कमी नव्हती, पण त्या घडीला डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं नाही, शेणाच्याच हाताच्या कोपरानं पुसलं आणि बाहेर गेली. रात्री भाकरी वाढली ती ताटात आपटून.

ती कालवड, तांबू तिचं नाव, तीही येसाजीचीच. अर्धेलीनं दिलेली. म्हणजे जनावर त्याचं, सांभाळायचं यांनी. पहिल्या वेताचं वासरू देणाऱ्याचं, पुढलं सांभाळणाऱ्याचं. आषाढात तांबू गाभण राहिली. दर्शनानं ते महिनाभरात ओळखलं, पण जिभेवर आणलं नाही. तिच्या आईची शिकवण होती, की बाई असो की दावणीचं जनावर, तीन महिने भरल्याशिवाय सांगू नये. पोटातलं कच्चं असतं, वारासुद्धा लागू देऊ नये. काशीरामनं मात्र अंदाजावरच दुसऱ्या दिवशी वाडीभर वाटून टाकलं, "आमची तांबू गाभण हाय बरं का!" असा हा माणूस, आणि फितूर म्हणे मी! दर्शना दातओठ खात राहिली.

दिवाळीच्या बाजाराला ती एकटीच महाडला गेली. पणत्या, रवा, सुकटीची पिशवी असं सगळं घेऊन परतीच्या एसटीत मागच्या बाकड्यावर बसली. गर्दीत धूळ फार, म्हणून तोंडाला पदर गुंडाळलेला. एमआयडीसीच्या फाट्यावर गाडी थांबली आणि पहिली पाळी सुटलेले कामगार झुंबड करून चढायला लागले. चढायच्या आधी एका खिडकीतून एक हातरुमाल आत आला आणि तिच्या पुढच्याच दोन माणसांच्या सीटवर पडला. रुमालाच्या मागोमाग येसाजी आला, बसला, आणि दाराकडं बघून ओरडला, "भावजी, या या! जागा धरलीय तुमच्यासाठी."

दर्शनाला क्षणभर बरं वाटलं. काय का असेना, भाऊ माया करतो तिच्या नवऱ्यावर.

काशीराम बसला. दोघं वेगवेगळ्या कंपन्यांत, पण सुटायची वेळ एक. गाडी हलली तशी काशीरामची मान हलायला लागली. पहाटे उठलेला माणूस, दिवसभर पिंपं ढकललेली, झोप लागणारच. मान येसाजीच्या खांद्यावर गेली. आणि मग काशीराम गायला लागला.

हो, झोपेत! आधी नाकातून, मग घशातून, मग शब्दांसकट. वाडीच्या मांडवात गातो तस्सं, फक्त हळू. रुक्मिणीहरणाचा काहीतरी सवाल होता. येसाजीनं खिशातून मोबाइल काढला, आपल्या लेकराला भरवायला वाटी धरतात तसा काशीरामच्या तोंडाजवळ धरला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. चेहरा असा, जणू गावातला एकमेव सज्जन माणूस हाच. ओळ पुरी ऐकू आली नाही, की खांदा जरासा हलवायचा. काशीराम पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दर्शनाच्या हातात सुकटीची पिशवी होती. ती उठून भावाच्या टाळक्यात हाणावी असं तिला इतकं वाटलं, की तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मेल्या, सख्ख्या बहिणीच्या नावावर बिल फाडून तीन वर्षं मिरवतोस होय रे!

पण ती उठली नाही. ओरडून काय झालं असतं? येसाजी म्हणाला असता, भावजींचा आवाज मला आवडतो म्हणून घेतला. आणि काशीराम? तो तर छाती काढून म्हणाला असता, "मी? झोपेत गातो? काय पण बोलतेस! भावाला पाठीशी घालतेस." तीन वर्षांचा डाग असा एका बाजारच्या दिवसात निघत नाही. पोलादपूरच्या स्टँडवर ती दोघांच्या आधी उतरली आणि चालत सुटली. नदीवरच्या पुलावर येईपर्यंत तिच्या डोक्यात काहीतरी आलं होतं. काय ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. नुसतं बारीकसं काहीतरी, पण रुजलेलं.

पहिला विचार साधाच होता. काशीरामच्या कानात एखादं फालतू गाणं भरायचं. तो ते झोपेत बरळेल, येसाजी त्याचा जबाब घोकत बसेल, आणि मांडवात फजिती होईल. पण गाणं कुठलं भरायचं? बरेच दिवस काही सुचेना. मग एकदा तांबूच्या कुशीला हात लावून बघताना तिला आईनं सांगितलेली कृष्णजन्माची गोष्ट आठवली. कंसाच्या भीतीनं देवानं देवकीचा सातवा गर्भ तिच्या पोटातून काढून रोहिणीच्या पोटात नेऊन ठेवला, तोच बळीराम. लहानपणी दर्शनानं आईला विचारलं होतं, मग तो कुणाचा म्हणायचा? आईनं उत्तर न देता पाठीत धपाटा घातला होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात गुणगुण सुरू झाली. केर काढताना, भांडी घासताना, चूल फुंकताना, दोनच ओळी:

देवकीनं धरला, रोहिणीनं भरला, बळीराम जन्मा आला,
सांग शाहिरा भर मांडवात, आई म्हणावं कुणाला?

ओसरीवर काशीराम फुगून बसलेला असायचा. बायकोशी बोलायचं नाही असं त्याचं चाललं होतं, पण कानाला कोण कुलूप लावणार? आठवडा गेला असेल नसेल, एका संध्याकाळी तो गोठ्यातून असा उड्या मारत बाहेर आला, की दर्शनाला वाटलं विंचूच चावला.

"सुचलं गो! असं सुचलंय म्हणून सांगू! आयुष्यात असं सुचलं नव्हतं!"

"काय सुचलं?"

"ते नाय सांगणार," काशीराम म्हणाला, आणि मिशीला पीळ देत निघून गेला.

दर्शना चुलीपुढं बसून पदर तोंडात कोंबून हसली. बीज हिचं, पोट त्याचं, आणि मिशीला पीळही त्याचाच! पण हसता हसता जरा राग आलाच. वास्तविक ओळी बऱ्या होत्या. फालतू म्हणून केलेल्या, आणि नवऱ्यानं रुक्मिणी टाकून त्या उचलल्या होत्या. आता मांडवात तो हाच सवाल टाकणार, आणि येसाजी आताच एसटीत तो ऐकत असणार. म्हणजे ज्या खड्ड्यात भावाला पाडायचं, त्यात नवराच आधी उतरला.

इथंच ते सांगून टाकावं असं तिला वाटलं. काशीरामला नाही तर निदान शेजारच्या ठकूबाईला. नळावर हंडा लावून दोघी उभ्या होत्या, तेव्हा शब्द अगदी दातांपर्यंत आले. पोटात असं काही वागवणं किती जड जातं हे तिला तेव्हा कळलं. मुलं झाली तेव्हाही इतकं जड गेलं नव्हतं. तेव्हा निदान सगळ्यांना दिसत तरी होतं. पण ठकूबाई म्हणाली, "काय गो, माहेरी जाऊन आलीस का एवढ्यात?" आणि डोळे बारीक केले. दर्शनानं शब्द गिळले आणि हंडा उचलला.

माघात येसाजी तांबूला बघायला आला. तांबूचं पोट चांगलं उतरलं होतं. येसाजीला त्या दिवशी सुट्टी होती, काशीराम कामावर होता. येसाजीनं ऐटीत गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

"ब्येस ठेवलीय गो तू. आमचं वासरू कसं हाय?"

"तुमचं?"

"मग कुणाचं? गाय माझी. तू वागवलीस म्हणून काय वासरू तुझं होतं का? जनावर ज्याचं तो धरणारा, आणि धरणारा धनी." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन तो हसला. मग जाता जाता, देवकी-रोहिणीची चाल तोंडात घोळवत, उतारानं खाली गेला. ती चाल! बहिणीच्या दारातून, बहिणीची चाल!

त्या घडीला दर्शनाच्या आतलं ते जे काही होतं, त्यानं अशी लाथ मारली की ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. तिला शेवटचं कडवं सुचलं. फजितीसाठी घेतलेलं बीज भलत्याच रूपाला आलं होतं. तिनं ते गुणगुणलं नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत. तांबूकडं बघून म्हणाली, "तू तुझे दिवस भर, मी माझे भरते."

हनुमान जयंतीला देवळापुढं मांडव पडला. महाडच्या अजमलभाईचे भोंगे दुपारपासूनच बांधून झाले होते. अजमलभाई गेली कित्येक वर्षं दोन्ही वाड्यांचा माईक सांभाळतो. शक्ती नाही, तुरा नाही, त्याचं म्हणणं एकच, "दहा वाजता मशीन बंद, मग तुम्ही देवाला आणा नाय तर पोलिसाला." त्यामुळं सामना उन्हं उतरायच्या आतच सुरू झाला. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, रावजी मधोमध खुर्चीत. काशीराम फेट्यात तुरा खोचून, घुंगरं बांधून तयार. यंदा गाणं घरात कुणाच्या कानावर पडलं नव्हतं, म्हणून चेहऱ्यावर केवढं तेज!

नाणं येसाजीच्या बाजूनं पडलं. त्यानं गणेशाला नमन केलं, सभेला नमन केलं, आणि तिसरं नमन करता करता सुरू झाला:

"तुरेवाला आज पुसेल मजला, देवकी का रोहिणी? ऐक जबाब आधीच देतो, खोळंबू नये कोणी!"

येसाजीनं ठेका वाढवला:

"धरणारीचं काय मोठं, वागवणारी थोर,
ज्या पोटानं भार सोसला, त्याच पोटाचं पोर!"

खालच्या वाडीनं शिट्ट्या मारल्या. झांजा खणखणल्या. जबाब बिनतोड होता, आणि सवाल तर अजून विचारलाच नव्हता! वरच्या वाडीत कुजबुज उठली, "परत फुटलं रे." ठकूबाई कुणालाही ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "माहेर काय सुटत नाय बाईचं." रावजीनं खुर्चीतल्या खुर्चीत वळून बायकांकडं बघितलं. आणि काशीरामनं माईकपुढं उभं राहून, घुंगरं बांधलेल्या पायांनी वळून, भर मांडवात दर्शनाकडं बघितलं.

ती नजर दर्शना मरेपर्यंत विसरणार नव्हती. शिवी दिली असती तर बरं.

ती उठली. पदर खोचला, बायकांच्या डोक्यांवरून वाट काढत सरळ माईकपाशी गेली. काशीरामला वाटलं ही माफी मागायला आली. तो बाजूला सरला. रावजी म्हणाला, "अगो, हितं काय काम तुझं?" पण अजमलभाईनं दांडा तिच्या उंचीला खाली केला आणि म्हणाला, "वैनी, माईक चालू हाय. बोला बिनधास्त."

आयुष्यात फक्त चुलीपुढं गायलेली बाई! तिनं डोळे मिटले, तांबूचं पोट आठवलं, आणि सूर लावला:

"दादा बोलला, खरं बोलला, साक्षी अख्खा गाव,
ज्या दावणीला तांबू वागली, तिथंच वासराला ठाव!"

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग पहिली हसली ती खालच्या वाडीतली येसाजीचीच बायको. अर्धेलीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मांडवात हसू पसरत गेलं, तसा येसाजीच्या हातातला डफ खाली आला. त्याच्याच जबाबानं त्याचं वासरू गेलं होतं, आणि तेही माईकवरून.

"अगो पण," येसाजी ओरडला, "अर्धेलीचा कायदा वेगळा! धरणारा धनी!"

"असं का दादा? मग थांब जरा," दर्शना म्हणाली, आणि ढोलकीवाल्याकडं बघितलं. ढोलकीवाल्याचा हात आपोआप पडला.

"एसटीमधी झोपला शाहीर, झोपेत गातो थोर,
बाजूला बसून उचली गाणं, धनी म्हणू का चोर?"

आता मात्र मांडव उठला. त्या एसटीतून येणारे निम्मे लोक तिथंच बसलेले. कुणी ओरडलं, "रुमाल टाकून जागा धरतो बघा!" दुसरा म्हणाला, "आणि मोबाइल तोंडापुढं! मला वाटायचं हवा पाणी बघतोय!" मेल्यांनो, तीन वर्षं बघत होतात तर बोलला का नाहीत? पण ते असोच. सवाल असा होता, की येसाजीनं धरणारा धनी म्हणावं तर त्याची सगळी गाणी काशीरामची होती, आणि वागवणारा म्हणावं तर वासरू दर्शनाचं. मग काय वाटलं कोण जाणे, तो स्वतःच हसायला लागला. नारळ आणून त्यानं बहिणीच्या हातात ठेवला आणि स्वतःचा कान धरला. लबाड खरा, पण रडका नव्हता.

काशीराम दर्शनाशेजारी उभा होता. कपाळावर घाम, तुरा तिरका झालेला. तो तिच्या कानाशी वाकला आणि अगदी हळू, फक्त तिला ऐकू जावं असा म्हणाला, "माझं चुकलं गो. तीन वर्षं तुझ्यावर संशय घेतला. मी गाढव हाय."

फक्त तिलाच ऐकू जावं असं, पण माईक चालू होता. चारी भोंग्यांतून ते देवळावर, वडावर, नदीपलीकडच्या खालच्या वाडीवर गेलं. दर्शनानं बघितलं, अजमलभाईचं बोट बंद करायच्या बटणावर होतं, आणि त्यानं ते जाणूनबुजून दाबलं नव्हतं.

तांबू त्याच आठवड्यात व्याली, भर सकाळी. लाल कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका. दोघं नवरा-बायको वासरामागची वार पडायची वाट बघत गोठ्यात बसले होते. काशीरामनं दोन-तीनदा घसा खाकरला.

"एक इचारू? तुला दिवाळीलाच कळलं होतं. मला तेव्हाच का नाय सांगितलंस? एवढं पोटात ठेवलंस तरी कसं?"

दर्शना वासराचं अंग गवतानं पुसत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तुमी मला तीन वर्षांत एकदा तरी इचारलंत का, की गाणं तू सांगतेस का म्हणून? तुमच्या पोटात कुणाची भानगड टिकत नाय, स्वतःचं गाणं टिकत नाय. टिकला तेवढा माझ्यावरचा संशय. तो बरा नीट वागवलात."

काशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही. मग तो सरकून तिच्या शेजारी बसला, तिच्या हातातलं निम्मं गवत घेतलं आणि वासराची दुसरी बाजू पुसायला लागला.